कळसा नाल्याचे पाणी आणि म्हादईचा उन्हाळा

बेळगावहून जांबोटीमार्गे पणजीकडे जाणारा रस्ता चोर्ला घाटाकडे वळण्याआधी कणकुंबीतून जातो. गाव खानापूर तालुक्यातले, घराघरांत मराठी, समुद्रसपाटीपासूनची उंची आठशे मीटरच्या आसपास. इथल्या माउली देवीच्या देवळाच्या परिसरात मलप्रभेचा उगम मानतात. मलप्रभा पूर्वेला निघते, सौंदत्तीजवळच्या धरणात अडते आणि पुढे कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराला जाते. याच गावाच्या शिवारातून कळसा नावाचा एक नाला पश्चिमेला उतरतो, जंगलातून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात शिरतो, म्हादईला मिळतो आणि पणजीजवळ मांडवी या नावाने अरबी समुद्रात जातो. दोन्ही पाण्यांची जन्मस्थळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांचे समुद्र मात्र वेगळे.

कळसा हे नाव बहुतेकांनी ऐकले ते भांडणामुळे. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यातला म्हादईचा वाद, मोर्चे, बंद, न्यायाधिकरण, टीएमसीचे आकडे हे सगळे वर्तमानपत्रांतून येत राहिले. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. हा नाला म्हादईच्या खोऱ्यासाठी नेमके करतो काय? वर्षाकाठी किती पाणी देतो, हे सगळे सांगतात. ते पाणी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वाटेने येते, हे फार थोडे लोक विचारतात. माझ्या मते उपनदीची खरी किंमत तिथेच कळते.

आधी जागा समजून घेऊ. सह्याद्रीचा माथा ही पाणी दुभागणारी रेघ आहे आणि ही रेघ स्थिर नसते. कणकुंबीहून अरबी समुद्र सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर आहे, बंगालचा उपसागर शेकडो किलोमीटर दूर. आठशे मीटरची तीच उंची पश्चिमेकडचा ओढा थोडक्या अंतरात उतरतो, पूर्वेकडचा सावकाश. उतार जास्त म्हणून वेग जास्त, वेग जास्त म्हणून कापण्याची ताकद जास्त. पश्चिमवाहिनी ओढे आपला उगम मागे मागे, म्हणजे पूर्वेकडे खात जातात. भूगोलात याला शीर्षदिशेने होणारी झीज म्हणतात. लाखो वर्षे हे चालले की पश्चिमेकडचा ओढा कधीतरी पूर्वेकडच्या नदीच्या पाणलोटात शिरतो आणि तिचे पाणी आपल्याकडे ओढून घेतो. कणकुंबीच्या पठारावर ही रेघ इतकी सखल आहे की पावसात उभे राहिले तर पायाखालचे पाणी कोणत्या बाजूला चालले आहे हे नजरेने सांगता येत नाही. माणसाने कळशाचे पाणी उलट दिशेला, मलप्रभेत नेण्याचा बेत केला तो याच सखलपणामुळे. थोडे खोदले किंवा थोडे उपसले की पाणी माथा ओलांडते.

म्हादईचे खोरे 2,032 चौरस किलोमीटरचे. त्यातले 1,580 गोव्यात, 375 कर्नाटकात आणि 77 महाराष्ट्रात, म्हणजे सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्याच्या कोपऱ्यात. नदी उगम पावते खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ. वरच्या अंगाला भीमगड अभयारण्य, 2011 मध्ये जाहीर झालेले. खाली गोव्याच्या हद्दीत म्हादई अभयारण्य, 1999 सालचे, सुमारे 208 चौरस किलोमीटरचे. भीमगड, म्हादई, त्यांना लागून दक्षिणेकडे पसरलेली गोव्यातली अभयारण्ये आणि काळी व्याघ्र प्रकल्प असा हा जवळपास सलग जंगलपट्टा आहे. त्यात वाघ आहेत. 2020 च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले, तेव्हा गोव्यातल्या वाघांकडे सगळ्यांचे लक्ष गेले.

या संरक्षित खोऱ्यात म्हादई एकटी वाहत नाही. वर भांडुरा नाला, मग कळसा आणि सुर्लच्या पठारावरून कोसळणारे प्रवाह, खाली वाळवंटी, दूधसागराचे पाणी आणणारी खांडेपार, आणि या सगळ्यांना मिळणारे शेकडो बिननावाचे ओहोळ. मुख्य नदी नकाशावर जाड रेघेने दाखवतात म्हणून ती पाणी आणते असे वाटते. खरे तर ती पाणी वाहून नेते. पाणी आणतात ते माथ्यावरचे नाले.

आता पावसाकडे येऊ. घाटमाथ्यावर आणि सत्तरीच्या डोंगरांत पाऊस किती पडतो हे सांगण्यापेक्षा नदीच्या पाण्यावरून मागे गेलेले बरे. म्हादई जलविवाद न्यायाधिकरणाने या खोऱ्याचे 75 टक्के विश्वासार्हतेचे पाणी, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी हमखास मिळेल इतके पाणी, 188.06 टीएमसी धरले. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2 कोटी 83 लाख घनमीटर. हे सगळे पाणी खोऱ्याच्या संपूर्ण क्षेत्रावर सपाट पसरले, तर थर होईल सुमारे 2.6 मीटर उंचीचा. हा पडलेल्या पावसाचा आकडा नव्हे. झाडांनी प्यालेले, मातीतून आणि पानांवरून उडून गेलेले वजा जाऊन नदीत उतरलेले पाणी हे इतके. उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल इतके पाणी, दर वर्षी, डोंगर-दऱ्या-शेते-गावे सगळ्यांवर. मलप्रभेच्या खोऱ्यात पूर्वेला नवलगुंद-नरगुंदकडे गेले की वर्षाचा सगळा पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरवर येतो. दोन शेजारी खोऱ्यांतला हा फरक पाहिला की तिकडच्या माणसाचे म्हादईकडे लक्ष का जाते हे कळते.

पण या अफाट पाण्याचे वेळापत्रक फार विषम आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मांडवीच्या खाडीवर बरीच वर्षे काम केले आहे. त्यांच्या लिखाणात म्हादईच्या काठच्या गांजे इथल्या प्रवाहाचे जे आकडे येतात ते असे: जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत नदी सेकंदाला सरासरी सुमारे 258 घनमीटर पाणी आणते. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत सुमारे 6. दोनशे अठ्ठावन्न आणि सहा. गुणाकार करून पाहा. पावसाळी पाच महिन्यांत गांज्यावरून जाते सुमारे 341 कोटी घनमीटर, उरलेल्या सात महिन्यांत जेमतेम 11 कोटी. म्हणजे वर्षाच्या पाण्यातले तीन टक्के पाणी वर्षातले सात महिने निभावते. जंगल, जनावर, बागायत, विहिरी, खाडी यांचा सगळा उन्हाळा या तीन टक्क्यांवर चालतो.

म्हणून म्हादईच्या बाबतीत वर्षाची सरासरी हा आकडा दिशाभूल करतो. ही नदी एका वर्षात दोन वेगळ्या नद्यांसारखी वागते आणि दोघींचे पाणी वेगळ्या वाटांनी येते.

पावसाळ्यातले बहुतेक पाणी वरच्यावर धावते. जुलैतल्या मुसळधारेत जमीन पाणी पिऊन तुडुंब असते. पडेल तो थेंब उताराला लागतो, ओहोळाचा नाला होतो, नाल्याला काही तासांत पूर येतो. सुर्लच्या कड्यावरून पडणारे धबधबे चोर्ला घाटातून दिसतात ते या काळात. अनेक नाल्यांचे पूर मुख्य नदीत एकाच वेळी पोहोचले की खाली धोका. थोडे मागेपुढे पोहोचले तर नदी ते पचवते. उपनदीची लांबी, उतार, वाटेतले जंगल, डोह, खडकांचे बांध यांवर तिच्या पुराची वेळ ठरते. वाळवंटीच्या काठच्या साखळी शहराला हे चांगले ठाऊक आहे. डोंगरात धो धो पाऊस आणि खाली समुद्राला भरती असा मेळ बसला की पाण्याला जायला जागा राहत नाही.

उन्हाळ्यातले पाणी निराळे. ते पावसाळ्यात जमिनीत मुरलेले, महिनोन् महिने आतल्या आत सरकत राहिलेले पाणी असते. कणकुंबी-सुर्लच्या पठारांवर जांभ्याचे कवच आहे. जांभा सच्छिद्र, भेगांचा, त्यातून पाणी सहज खाली उतरते. खाली खडक कुजून झालेला पिठूळ चिकणमातीचा थर लागतो, तो पाणी पुढे उतरू देत नाही. मग पाणी त्या थरावरून आडवे चालते आणि जिथे डोंगराची कूस उघडी पडते तिथे बाहेर येते. रस्त्यासाठी डोंगर कापला आहे अशा जागी जानेवारीत नीट पाहिले तर हे डोळ्यांनी दिसते. वर तांबडा, भोकाभोकांचा जांभा कोरडा ठणठणीत. खाली फिकट, पांढरट-गुलाबी माती. दोहोंच्या सांध्यावर बोटभर रुंदीची ओली रेघ, तिच्यावर शेवाळ, शेवाळात नेच्यांची कोवळी पाने, आणि त्या पानांच्या टोकांवरून थेंब थेंब ठिबकणारे पाणी. एका झरीचे पाणी ओंजळभर असते. अशा असंख्य झऱ्या एकत्र येऊन कळशासारखा नाला होतो आणि माठ पाझरत राहावा तसा डोंगर मे महिन्यापर्यंत नदीला पाणी देत राहतो.

सगळ्याच उपनद्यांना हे जमत नाही. ज्यांच्या पाणलोटात जंगल तुटले, जांभ्याच्या किंवा खनिजाच्या खाणी झाल्या, माती वाहून गेली, ते ओहोळ पावसाळ्यात इतर कोणाहूनही जोरात धावतात आणि पाऊस सरला की लवकर सुकतात. मार्च-एप्रिलपर्यंत ज्यांच्यात पाणी टिकते ते प्रवाह मोजके, आणि बहुतेक माथ्याकडचे. तिथे पाऊस सर्वांत जास्त, जंगल दाट, पावसाळाभर धुके इतके की ऊन फारसे लागत नाही, आणि ऑक्टोबरचा पाऊसही पूर्वेकडून चुकूनमाकून हजेरी लावून जातो. कळसा याच कुळातला. त्यामुळे वर्षाच्या हिशेबात ज्यांचा वाटा अगदी लहान दिसतो, अशा नाल्यांचा एप्रिलच्या हिशेबातला वाटा कितीतरी मोठा असू शकतो. आकड्यांच्या तक्त्यात हे दिसत नाही, कारण तक्त्याच्या तळाशी वर्षाची बेरीज असते.

बारमाही ओल म्हणजे काय हे बघायचे असेल तर सत्तरीतल्या बांबर गावची निरंकाराची राय पाहावी. ही देवराई म्हादई अभयारण्याच्या परिसरात आहे आणि ती रानजायफळांच्या दलदलीची आहे. तिला पाणी देणारा ओहोळ वेगळा, कळशाचा नव्हे. पण या खोऱ्यातले बारमाही पाणी काय घडवते याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळणार नाही. जायफळाच्या कुळातली ही झाडे सतत पाण्यात उभी असतात. चिखलात हवा नसते, म्हणून त्यांची मुळे गुडघा दुमडावा तशी चिखलाच्या वर येतात, हवा घेतात आणि पुन्हा खाली जातात. रायीत शिरल्यावर पावलोपावली हे मुळांचे गुडघे आडवे येतात, मधून पाणी झुळझुळत असते, आणि ऐन उन्हाळ्यातही तळवे गार पडतात. या झाडांच्या बिया मोठ्या, जड. धनेशासारखे पक्षी त्या दूर नेतात, पण पडली ती जागा कोरडी असेल तर बी रुजून उपयोग नाही. ओल वारंवार तुटली तर ही दलदल टिकत नाही. पश्चिम घाटात अशा दलदली आता अगदी थोड्या उरल्या आहेत, आणि बांबरची राय टिकली ती गावाने देवाची मानली म्हणून.

उपनदी पाण्याबरोबर गाळही आणते आणि गाळावरही या खोऱ्याचे जगणे उभे आहे. सत्तरीत म्हादईच्या काठच्या गावांत पुरण शेती नावाची जुनी पद्धत होती. पूर ओसरला की पात्रालगत साचलेल्या गाळाच्या जमिनीवर गावकरी मिळून बांध घालायचे, उरलेल्या वाहत्या पाण्याला वळण द्यायचे आणि हिवाळ्यात भाताचे पीक घ्यायचे. यात दोन गोष्टी लागतात. पावसाळ्यात गाळ आणण्याइतका पूर आणि त्यानंतर भात पिकेपर्यंत न आटणारा प्रवाह. नदीच्या दोन्ही रूपांचा असा उपयोग करून घेणारी शेती कागदावर कोणी आखलेली नव्हती. ती पिढ्यान् पिढ्या नदी पाहून शिकलेली होती.

आणि आता खाली, खाडीकडे. मांडवीत भरतीचे पाणी मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांज्यापर्यंत चढते. वर म्हादई जिथे डोंगर सोडते, तिथपर्यंत समुद्राचा हात पोहोचतो म्हणा ना. पावसाळ्यात नदीचा रेटा इतका की खारे पाणी पणजीच्या अंगणापर्यंत मागे ढकलले जाते. नोव्हेंबरपासून रेटा उतरतो आणि समुद्र एकेक किलोमीटर मीठ आत सरकवत नेतो. ही चढाई मेपर्यंत चालते. समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की आपल्याकडच्या मोसमी खाड्या कधीच समतोलाला पोहोचत नाहीत. युरोप-अमेरिकेतल्या बारमाही नद्यांच्या खाडीत गोडे आणि खारे एका ठरावीक रेषेवर स्थिरावते. इथे ती रेषा सात महिने चालतच राहते. ती मेअखेर कुठवर पोहोचेल हे दोन गोष्टींवर ठरते: ती निघाली कधी, आणि वाटेत तिला विरोध किती झाला. निघण्याची तारीख ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पाणी ठरवते. विरोध करते ते उन्हाळ्यातले ते सेकंदाला सहा घनमीटर.

या चालत्या रेषेच्या काठावर गोव्याची खाजन शेती आहे. भरतीच्या पातळीखालची ही जमीन गोंयकारांनी शतकानुशतके बांध घालून राखली. बांधात मानस असते, म्हणजे दारे असलेली मोरी. भरतीच्या पाण्याने दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी ती उघडून बाहेर पडते. पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतले मीठ धुवायचे, मग कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात लावायचे, उन्हाळ्यात त्याच खाजनात मासळी धरायची. दिवाडी, चोडण या बेटांवर हे आजही पाहता येते. चोडणच्या टोकाला खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे. माथ्यावरच्या अभयारण्यातून निघालेले पाणी तळाशी दुसऱ्या अभयारण्यात पोहोचते, आणि मधल्या वाटेवर लाखो माणसे ते पितात. पणजी आणि फोंड्याला पाणी पुरवणारे ओपा केंद्र खांडेपारवर आहे, म्हणजे तेही याच खोऱ्यातल्या एका उपनदीवर.

एवढे समजून घेतल्यावर वादातले आकडे नव्याने वाचता येतात. कर्नाटकाने कळसा आणि भांडुरा वळवून मलप्रभेत सोडण्याची योजना आखली ती हुबळी-धारवाड आणि परिसराच्या पिण्याच्या पाण्यासाठी. कणकुंबीत कालव्याचे खोदकाम झाले, 2006 मध्ये गोवा सर्वोच्च न्यायालयात गेला, 2010 मध्ये म्हादई जलविवाद न्यायाधिकरण नेमले गेले. 2014 च्या एप्रिलमधल्या अंतरिम आदेशाने जोडकालवे भिंत घालून बंद करायला लावले. 14 ऑगस्ट 2018 चा निवाडा असा: गोव्याला 24 टीएमसी, महाराष्ट्राला 1.33, कर्नाटकाला 13.42. कर्नाटकाच्या वाट्यातले 8.02 टीएमसी वीजनिर्मितीचे, म्हणजे वापरून पुन्हा नदीतच सोडायचे. दीड टीएमसी खोऱ्यातल्याच गरजांसाठी. खोऱ्याबाहेर न्यायचे ते 3.9 टीएमसी: कळशातून 1.72, भांडुऱ्यातून 2.18. निवाडा 2020 च्या फेब्रुवारीत राजपत्रात आला. 2022 च्या डिसेंबरअखेर केंद्रीय जल आयोगाने सुधारित प्रकल्प अहवालांना मान्यता दिली, त्यांत उपसा योजना आहेत. या तीनही राज्यांची निवाड्यातल्या आकड्यांवरची नाराजी न्यायालयांत गेली.

खोऱ्याचे पाणी 188.06 टीएमसी. त्यातून 3.9 गेले तर दोन टक्के. एकट्या कळशाचे 1.72 म्हणजे एक टक्क्याहून कमी. एवढ्याशा पाण्यासाठी गोव्याने इतका आकांत का करावा, असे बेळगाव-धारवाडकडे अनेकांना मनापासून वाटते. पण 3.9 टीएमसी म्हणजे सुमारे 11 कोटी घनमीटर. वर आलेला दुसरा आकडा आठवा. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत गांज्यावरून वाहणारे सगळे पाणीही सुमारे तेवढेच भरते. हे पाणी उन्हाळ्यात काढले जाणार आहे असे मी म्हणत नाही. दोन टक्के हा आकडा कोणत्या महिन्यावर ठेवतो त्यावर तो किरकोळ ठरतो की सर्वस्व, एवढेच यातून दिसते.

आम्ही पावसाळ्यातले, समुद्रात वाया जाणारेच पाणी घेऊ, हा कर्नाटकाचा युक्तिवाद आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही. जुलै-ऑगस्टच्या भर पुरातून, प्रवाह ठरावीक पातळीच्या वर असेल तेव्हाच आणि तेवढेच पाणी उपसले, तर एप्रिलमधल्या कळशाला त्याचा थेट फटका फारसा बसणार नाही. मुरलेले पाणी पुराच्या पाण्यातून येत नाही, ते मातीतून येते. अर्थात वाया जाणारे पाणी हा शब्दप्रयोग मला पटत नाही. त्याच पुराने खाडीतले मीठ आणि खाजनांतला खार धुतला जातो, गाळ येतो, समुद्रकाठच्या पाण्यात मासळीचे खाद्य पोहोचते.

खरी अडचण तीन ठिकाणी आहे. पहिली, ऑक्टोबर. पावसाळा कागदावर कधी संपतो आणि पंप कधी थांबतात, यावर खाऱ्या पाण्याची चढाई किती लवकर सुरू होईल हे ठरते. कमी पावसाच्या वर्षी ठरलेले पाणी पूर्ण करण्यासाठी पंप उशिरापर्यंत चालवण्याचा मोह होईल, आणि नेमक्या त्याच वर्षी खालच्या खोऱ्याला ते पाणी सर्वांत जास्त लागेल. दुसरी अडचण खोदकामाची. जांभ्याच्या पठारात पाण्याच्या पातळीखाली चर खणला की पंप बंद असतानाही आजूबाजूचे मुरलेले पाणी त्या चराकडे सरकते. नळ बंद केला तरी भिंत ओली राहावी तसा हा निचरा दिसत नाही आणि मोजलाही जात नाही. तिसरी, जंगल. पंपघर, रस्ते, वीजवाहिन्या आणि जलवाहिनी यांसाठी माथ्यावरची झाडे गेली तर पाणी मुरवणारी जागाच कमी होते. पाणी उचलण्याचा हिशेब न्यायाधिकरणाने केला. पाणी मुरण्याचा हिशेब अजून कोणी धडपणे मांडलेला मला दिसला नाही, आणि उन्हाळा त्यावर अवलंबून आहे.

यात एक कायदेशीर मुद्दा फार मोलाचा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 29 व्या कलमानुसार अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह परवानगीशिवाय वळवता, अडवता किंवा वाढवता येत नाही. याच कलमाच्या आधारे गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी 2023 च्या जानेवारीत कर्नाटकाला नोटीस काढली. त्याच वर्षीच्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई अभयारण्य आणि लगतचे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला आणि तो विषय पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. कलमाचा कीस न्यायालये काढतीलच. पण ते कलम लिहिणाऱ्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती: अभयारण्याची सीमा आखताना आपण झाडे आणि जनावरे आत घेतो, त्यांचे पाणी मात्र बरेचदा बाहेर राहते. म्हादई अभयारण्यात शिरणाऱ्या कळशाचा उगम अभयारण्याबाहेर, दुसऱ्या राज्यात आहे. रेघेच्या आत कितीही कडक पहारा ठेवला तरी आतला उन्हाळा रेघेबाहेरच्या पठारावर ठरतो.

हे एकट्या कर्नाटकाला लागू नाही. महाराष्ट्राच्या वाट्याच्या 1.33 टीएमसीतून विर्डीसारखे प्रकल्प व्हायचे आहेत आणि ते पाणी वाळवंटीतून साखळीकडे जाणारे आहे. गोव्यातल्या खाणींनी, डोंगरकापणीने आणि जंगलतोडीने याच खोऱ्यातले कितीतरी ओहोळ आधीच पावसाळी करून टाकले आहेत. कळशासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या गोव्याने आपल्या हद्दीतल्या ओहोळांचाही तितक्याच पोटतिडकीने हिशेब मागायला हवा. आणि मलप्रभेच्या काठच्या माणसाची तहान खोटी नाही. तिकडच्या धरणात भरपूर पाणी येत नाही याचे एक कारण पाऊस आहे, दुसरे कारण मलप्रभेच्या स्वतःच्या माथ्यावरचे, कणकुंबी-खानापूरचे विरळ होत चाललेले जंगल. ते जंगल टिकले तर दोन्ही समुद्रांकडे जाणाऱ्या नद्या टिकतील. दोन्ही बाजूंच्या लोकांचे हित ज्या एका जागी जुळते ती जागा तीच आहे, आणि तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी फार थोडे बोलले जाते.

म्हणून मागणी एकच करतो, आणि ती तीनही राज्यांच्या सरकारांकडे, तसेच म्हादईच्या वाटपावर देखरेखीसाठी नेमलेल्या प्राधिकरणाकडे आहे. कळशाच्या पात्रात कणकुंबीजवळ, सुर्लच्या खाली आणि म्हादईशी संगम होतो तिथे वर्षाचे बाराही महिने प्रवाह मोजा. पठारावरच्या विहिरींची आणि झऱ्यांची पातळी मोजा. रोजचे आकडे त्या त्या दिवशी मराठी, कोकणी आणि कन्नडमध्ये लोकांसमोर ठेवा. आणि ऑक्टोबर ते मे या महिन्यांत कळशात किमान किती पाणी राहिलेच पाहिजे, तो आकडा पहिला पंप सुरू होण्याआधी ठरवा.